तलावाकाठच्या चिखलात उडणारे नखाएवढे नाकतोडे: पिल्लं की वेगळीच जात?

तुम्ही विचारलंय की सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाचं पाणी ओसरलं की ओल्या गाळावर नखाएवढे मातकट नाकतोडे उडताना दिसतात. ती मोठ्या नाकतोड्यांची पिल्लं आहेत का, विटकरी, काळपट आणि पांढऱ्या पट्टीचा अशा तीन जाती मानायच्या का, आणि ते शेजारच्या ज्वारीत शिरतील का.

ज्वारीचं आधी सांगतो, कारण काळजी त्याची आहे. ज्वारीला यांच्यापासून काही होणार नाही. हे किडे ओल्या मातीवरचं शेवाळ आणि कुजका पालापाचोळा खरवडून खातात. आपल्या भागात ज्वारीवर पडणारा बिनपंखी टोळ, म्हणजे कोलेमानिया, वेगळ्या कुळातला आहे आणि आकारानंही कितीतरी मोठा. त्याच्या नावाखाली या बिचाऱ्यांवर फवारणी करू नका.

आणि तुम्ही पाहिलेले बहुतेक पूर्ण वाढ झालेलेच असतील. हे खुजे नाकतोडे, कुळाचं नाव टेट्रिजिडी. जगभरात सुमारे दोन हजार जाती, भारतात शंभराहून जास्त. पक्की ओळख पाठीवरून पटते. साध्या नाकतोड्याच्या मानेमागचं कवच छातीपाशीच संपतं आणि पुढं पोटाच्या वळ्या किंवा पंख दिसतात. यांचं तेच कवच मागं वाढत वाढत सगळं पोट झाकतं, कधी पोटाच्याही पुढं टोकदार होऊन जातं. पावसात धनगर डोक्यावरून घोंगड्याची खोळ घेतात, तसं. पिल्लांतसुद्धा हे कवच मागं ताणलेलं असतं, त्यामुळं या बाबतीत गफलत होत नाही. भिंग असेल तर बाजूनं बघा: पुढचे पंख म्हणजे जेमतेम एक खवला उरलेला असतो, आणि मागचे पंख कवचाखाली पंख्यासारखे घडी घालून ठेवलेले. पुढच्या दोन्ही जोड्यांच्या पायांच्या पावलांना दोनच पेरं, मागच्यांना तीन. नखांच्या मधली गादी नाही. कानाचा पडदा नाही आणि गाणंही नाही.

त्याच गाळात काळे, चकचकीत, वाळू उकरणारे आणखी लहान उडते किडे दिसतील. ते ट्रायडॅक्टिलिडी, वेगळं कुळ. टोळांच्या वंशावळीत ती फांदी सगळ्यात आधी फुटली, मग आपले खुजे नाकतोडे, आणि उरलेले सगळे टोळ-नाकतोडे त्यानंतर. एका चिखलात दोन जुन्या शाखा शेजारी शेजारी नांदतात, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आता तीन रंगांचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे: रंगावरून जात ठरवू नका. एकाच जातीत, एकाच काठावर, विटकरी, काळा, पट्टेरी, ठिपक्यांचा असे सगळे सापडतात. प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट नेबर्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अमेरिकेत कॅन्सस इथं हे किडे पिढ्यान्‌पिढ्या पाळले आणि नक्षी आई-बापांकडून ठरावीक नियमानं उतरते हे दाखवलं. काही माद्या नराशिवायही अंडी घालतात आणि त्यातून पिल्लं येतात, हेही त्यांनी नोंदवलं. स्वीडनमध्ये जळालेल्या रानात काळ्या रंगाचे नाकतोडे जास्त सापडले आणि जमीन पुन्हा हिरवी होत गेली तसं त्यांचं प्रमाण उतरलं. काळ्या राखेवर काळा किडा पक्ष्याला दिसत नाही, सरळ हिशेब. उसाचं पाचट पेटवल्यावर आपल्याकडं चारीच्या कडेला काळे किती आणि बाकीचे किती, हे कुणीतरी मोजण्यासारखं आहे.

रंग नाही, तर मग पाठीवरच्या कवचाची लांबी? तीही दगा देते. एकाच जातीत लांब पाठीचे, उडू शकणारे आणि आखूड पाठीचे, न उडणारे असे दोन्ही प्रकार निघतात. रात्री दिव्यावर येतात ते लांबवाले. जुन्या काळी संग्रहालयातल्या टाचणीवरच्या एक-दोन नमुन्यांवरून जाती पाडल्या गेल्या, त्यात असे भाऊ-भाऊ वेगळ्या नावांनी नोंदले गेले. स्पेनचे कीटकशास्त्रज्ञ इग्नासियो बोलिव्हार यांनी १८८७ मध्ये या कुळाची मोठी मांडणी केली, आणि वर सांगितलेल्या ज्वारीच्या कोलेमानियाचं शास्त्रीय वर्णनही त्यांचंच, १९१० सालचं. शिकागोचे डॉक्टर जोसेफ हॅनकॉक यांनी या मांडणीत भर घातली. या दोघांच्या उपकुळांचा (कुळाच्या आतल्या गटांचा) सांगाडा अजून वापरात आहे, पण तो बराचसा दिसण्यावर उभा आहे. पाठीवर पानासारखा उंच तुरा असलेले सगळे क्लॅडोनोटिनी या उपकुळात टाकले गेले, पण असा तुरा वेगवेगळ्या घराण्यांत वेगवेगळा उगवलेला असू शकतो. डिस्कोटेटिक्स नावाच्या खुज्या नाकतोड्यांच्या मिशांची पेरं चपटी, रुंद असतात म्हणून त्याला स्वतंत्र उपकुळ दिलं होतं; आता त्याची जागा स्केलिमेनिनी या दुसऱ्या उपकुळात मानतात. उलट बॅट्राकिडिनी हा गट इतका जुना आणि वेगळा निघालाय की काही जण त्याला स्वतंत्र कूळच म्हणतात.

स्केलिमेनिनीतले नाकतोडे सह्याद्रीच्या ओढ्यांवर बघायला मिळाले तर सोडू नका. अंगाच्या बाजूला काटे, मागच्या नडग्या चपट्या, आणि धोका वाटला की सरळ पाण्यात बुडी. पुण्याच्या परांजपे आणि भालेराव यांनी १९८० च्या दशकात पोटुआ सॅब्युलोसा या खुज्या नाकतोड्याच्या राहणीचा अभ्यास केला. आपल्या मातीत बसून केलेलं असं काम फार कमी आहे.

तुमचे तिन्ही माझ्या अंदाजानं टेट्रिजिनी उपकुळातले, आणि बहुधा एकाच जातीचे. भारतभर काठाकाठानं सापडणारे एर्गाटेटिक्स, युपॅराटेटिक्स आणि हेडोटेटिक्स हे त्यातले तीन गट आधी तपासा. त्यासाठी वरून काढलेला एक फोटो पुरत नाही. समोरून चेहऱ्याचा घ्या, दोन डोळ्यांमधली जागा डोळ्याच्या रुंदीपेक्षा कमी की जास्त ते त्यात कळतं. अगदी बाजूनं घ्या, म्हणजे पाठीच्या मधला कणा सपाट आहे की पुढं उंचावलेला ते दिसेल आणि मधल्या पायाच्या मांडीची कड सरळ की नागमोडी तेही. मिशा फोकसमध्ये ठेवा. सकाळी ऊन चढायच्या आधी जा, तेव्हा ते सुस्त असतात. फोटो इथं टाकलेत तर ओळख पटवायला मी नक्की मदत करीन.