पंधरा वर्षांच्या मुलीसाठी पहिला रोलचा कॅमेरा कोणता घ्यावा?

तुमची मुलगी पंधरा वर्षांची आहे, तिला रोलवर फोटो काढायला शिकायचंय, तुम्ही नाशिकला राहता आणि सेकंडहँडच्या जाहिराती बघून गोंधळून गेलाय, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत स्पष्ट आहे. सेल काढून ठेवला तरी क्लिक होईल असा, सगळं हाताने लावायचा ३५ मिमी एसएलआर (लेन्समधूनच दृश्य बघायचा कॅमेरा) घ्या आणि त्यावर ५० मिमीची लेन्स. पेंटॅक्स के १०००, निकॉन एफएम १० किंवा यशिका एफएक्स-३ सुपर २०००, यांपैकी जो धड अवस्थेत मिळेल तो. कॅनन एई-१ दिसायला देखणा आहे, पण त्याचा सेल संपला की शटरच पडत नाही.

तिघांतला माझा आवडता के १०००. हा १९७६ पासून १९९७ पर्यंत बनत होता. शटरची चकती (उजेड किती वेळ आत येणार ते ठरवते), अ‍ॅपर्चरची रिंग (लेन्सचं भोक किती उघडणार ते ठरवते), फोकस आणि आत उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा, एवढंच. सेल फक्त त्या काट्यासाठी लागतो. चालू-बंदचं बटण नाही, म्हणून वापर नसताना लेन्सवर झाकण ठेवायची सवय लावा, नाहीतर सेल उतरतो.

घरात कुणाच्या कपाटात यशिका एमएफ-२ सारखा साधा कॅमेरा पडला असेल तर मजा म्हणून एक रोल जरूर काढू द्या. पण त्यात फोकसही ठरलेला असतो. मुलीला शिकायचं असेल तर तो पुरणार नाही.

घेण्याआधी कॅमेरा हातात घेऊन बघा, नुसत्या फोटोंवर पैसे पाठवू नका. मागचं दार उघडा, शटर एक सेकंदावर ठेवून दाबा आणि आवाज ऐका. मध्येच अडखळला किंवा पडदा अर्ध्यात थांबला तर सोडून द्या. दाराच्या खाचेतला काळा फोम बोटाला डांबरासारखा चिकटला तर तो बदलावा लागेल. काम छोटं आहे, पण भाव कमी करायला कारण मिळतं. सेलच्या खोबणीत हिरवट-पांढरी पूड नको. मग लेन्सचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती वाढतच जाते, अशी लेन्स घेऊ नका. यशिकाच्या अंगावरचं कातडं सोललेलं दिसेल, त्याला घाबरायचं कारण नाही.

सगळे पैसे कॅमेऱ्यात घालू नका. रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून ३६ फोटोंचा खर्च सहज हजाराच्या पुढे जातो, आणि पहिल्या वर्षात तिला चार-पाच रोल तरी मिळायला हवेत. सुरुवात २०० किंवा ४०० आयएसओच्या (हा आकडा रोल उजेडाला किती संवेदनशील ते सांगतो) रंगीत निगेटिव्हने करा. थोडा जास्त उजेड पडला तरी ती सांभाळून घेते. रोल कुठे धुणार हे आधी विचारून ठेवा. गावात सोय नसेल तर मुंबई-पुण्याच्या लॅबला कुरिअर करता येतं.

रोल भरल्यावर लिव्हर ओढताना डाव्या बाजूची रिवाइंडची खुंटी फिरते का, हे तिला बघायला शिकवा. फिरली तर रोल नीट अडकलाय. हे न पाहिल्यामुळे अख्खे रोल कोरे निघतात आणि मुलं तिथेच हिरमुसतात.

उजेड शिकायला नाशिकइतकं सोयीचं गाव नाही, असं मला मनापासून वाटतं. काळाराम मंदिर काळ्या पाषाणाचं, नाशिकरोडचं मुक्तिधाम मकराण्याच्या पांढऱ्या संगमरवराचं. मीटरला दोन्ही मध्यम करड्या रंगाचेच हवे असतात. तो म्हणेल ते ऐकलं तर काळा दगड राखाडी येतो आणि संगमरवर मळकट. दोन्हीकडे बाहेरून दोन-दोन फोटो काढू द्या. एक मीटर सांगेल तसा, दुसरा काळारामापाशी एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा उजेड देऊन आणि मुक्तिधामला एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट देऊन. स्कॅन करताना लॅबवाले उजेड सारखा करून टाकतात, म्हणून हा फरक निगेटिव्ह खिडकीपाशी धरून बघायचा. आणि लॅबकडून निगेटिव्ह परत मागायला विसरू नका.

प्रत्येक फोटोचं शटर आणि अ‍ॅपर्चर तिने वहीत लिहावं. कंटाळा केला तर तिला फाळक्यांची गोष्ट सांगा. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेबांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी टिपून पडद्यावर दाखवली होती.

तिला गोडी लागली की ब्लॅक अँड व्हाइटवर या. ते घरी धुता येतं. काळी पिशवी, टाकी, डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन), फिक्सर (ते पक्कं करणारं) आणि २० अंशांचं पाणी लागतं. थंडीत फारसा त्रास होत नाही, उन्हाळ्यात बाटल्या बर्फाच्या पाण्यात ठेवाव्या लागतील. रसायनं हाताळताना हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि सुरुवातीला तुम्ही सोबत थांबा. कॅमेरा जूनपासून सिलिका जेल टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि रोल भरलेला असताना उन्हात उभ्या गाडीत कधीही सोडू नका.