मृग लागण्यापूर्वी

कोल्हापूर, वैशाख वद्य

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पहिल्याच वर्षी तुझ्या मधमाश्यांच्या पेटीतल्या वरच्या मधकोठीच्या चार चौकटी भरल्याचा आनंद ओळीओळीतून दिसतो आहे. मृग लागण्यापूर्वी सगळाच मध काढून घ्यावा का, हा तुझा प्रश्नही रास्त आहे. वरच्या कोठीतला काढ, खालच्या पिलावा कोठीला, म्हणजे जिथे अंडी-अळ्या (पिलावा) वाढतात तिला, मात्र हात लावू नकोस. तिथे चौकटीच्या वरच्या कडेला, पिलाव्यावर कमानीसारखा जो मध साठलेला दिसतो, तो आषाढ-श्रावणातला माश्यांचा शिधा आहे.

हे मी शहाणपणाने शिकलो नाही. भुदरगड तालुक्यातल्या पाटगावकडून (मधाचे गाव म्हणतात तेच) आणलेली माझी पहिली सातेरीची, म्हणजे पेटीत पाळायच्या देशी मधमाशीची, पेटी फुलेवाडीतल्या परसात, शेवग्याखाली ठेवली होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी वरचा आणि खालचाही मध काढला, बरण्या भरून शेजारी वाटल्या. पुढे झड लागली आणि पाऊस उघडेना, म्हणून मी पेटीकडे फिरकलोच नाही. श्रावणात एका सकाळी ऊन पडले, तसा साऱ्या माश्यांचा लोंढा दारातून बाहेर पडला, शेवग्याभोवती दोन-तीन घिरट्या घातल्या आणि पंचगंगेच्या दिशेने निघून गेला. झाकण उघडले तर काळ्या पडलेल्या पोळ्यात पोळे खाणाऱ्या मेणकिड्याची जाळी होती, मध नव्हता आणि एकही अंडे नव्हते. माशी सकाळी गेली खरी, पण जाण्याची तयारी तिने कित्येक दिवस आधीच केली होती. उपासमार झाली की राणी अंडी घालणे थांबवते आणि असलेला पिलावा उगवून संपला की सातेरी घर सोडते. मी आठवड्यातून एकदा जरी चौकट उचलून पाहिली असती, तरी हे वेळीच कळले असते.

म्हणून पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा पेटी पाहत जा. ती मागच्या बाजूने एका हाताने किंचित उचलून पाहिलीस, तरी वजनावरून आतला साठा समजतो. थोड्या सवयीने हा अंदाज चुकत नाही. हलकी लागली तर साखर आणि पाणी समभाग घेऊन केलेला पाक, करवंटीत दोन काड्या टाकून, तिन्हीसांजेला पेटीच्या आत ठेव. दिवसा ठेवलास किंवा बाहेर सांडलास, तर वासाने दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात आणि दारात मारामारी जुंपते. ज्या पोळ्यावर माश्या बसलेल्या नाहीत, ते काढून टाक. मेणकिडा तिथेच अंडी घालतो. तळपाटावरचा मेणाचा चुरा झाडत जा. पेटी पुढे किंचित उतरती ठेव, म्हणजे दारातून पाणी आत शिरणार नाही, आणि स्टँडच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी ठेव, नाहीतर मुंग्या चढतात.

नवरात्रानंतर काळजी पुष्कळ कमी होते. त्यानंतर गुऱ्हाळे सुरू झाली की माश्या रसाच्या वासाने तिकडे धावतात आणि काहिलीत पडून मरतात. यावर मला आजवर उपाय सापडलेला नाही. पेटी गुऱ्हाळापासून लांब ठेवावी, एवढेच सांगता येते. शिवाय उसाचा रस चाटून साठवलेल्या द्रावाला मी मध म्हणत नाही, लोक काहीही म्हणोत.

शेवगा आणि आंब्याचा मोहोर आला की मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. पोळ्यातल्या ज्या घरांत नर वाढतात, त्यांची टोपणे उंचवट्याची असतात आणि सातेरीत प्रत्येक टोपणाच्या मधोमध सुईच्या टोकाएवढे छिद्र असते. अशी टोपणे वाढू लागली की थोड्याच दिवसांत पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी राणीघरे लोंबताना दिसतील. म्हणजे वसाहत फुटायच्या बेतात आहे. त्या वेळी दुसरी पेटी तयार असेल तर एकाच्या दोन वसाहती होतात, नसेल तर अर्ध्या माश्या कुणाच्या तरी वळचणीला जाऊन बसतात. जांभळाचा बहर त्यानंतरचा. तुझ्या चार चौकटी त्याच्याच असाव्यात, चव किंचित कडसर लागली तर नक्कीच.

चौकट काढण्यापूर्वी निदान पाऊण भाग मेणाने बंद झाला आहे ना, ते पाहून घे. पोळ्याच्या उघड्या घरांतला मध पातळ असतो आणि आपल्याकडच्या दमट हवेत तो आंबतो. शंका आली तर चौकट आडवी धरून हलका झटका दे. थेंब उडाले तर ती परत ठेव. वळीव पडून गेल्यावर दोन दिवस थांबलेले बरे.

चौकटींतला मध काढायचे मधयंत्र विकत घेऊ नकोस, माझे घेऊन जा. एका पेटीसाठी तो खर्च वाया जाईल. परत देताना ते गार पाण्याने धू. गरम पाण्याने मेण वितळून जाळीला चिकटते आणि मग दिवसभर सुईने खरवडत बसावे लागते.

तुझा,
काका