केळीच्या वेफर्सचा कारखाना : खरी अडचण परवान्यांची की पैशांची?

रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या वेफर्सचा लहान कारखाना काढताना परवाने जास्त आड येतात की भांडवल, असे आपण विचारले आहे. परवान्यांचा बाऊ आता गरजेपेक्षा जास्त केला जातो, असे माझे मत आहे. उद्यम नोंदणी (लहान-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे (तरीही त्यासाठी एजंटाला पैसे मोजणारे आहेतच).

भांडवलाची अडचण मात्र जमिनीपासूनच सुरू होते. सातबाऱ्यावर अजून आजोबांचे नाव, वारसनोंद राहिलेली आणि भावाभावांत केवळ तोंडी वाटणी, अशी जमीन कसता येते, पण बँकेकडे तारण ठेवताना अडते. पेरूचे अर्थतज्ज्ञ हर्नांडो डी सोटो विकसनशील देशांतील अशा मालमत्तेला ‘मृत भांडवल’ म्हणतात. त्यामुळे वारसनोंद आधी करून घ्यावी.

त्याहून घातक प्रश्न खेळत्या भांडवलाचा, म्हणजे रोजच्या खरेदी-खर्चाला लागणाऱ्या पैशाचा आहे. केळी आणि तेल रोखीने घ्यावे लागते, तर माल जळगाव-भुसावळच्या ठोक दुकानदारांकडे उधारीवर जातो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी खरेदीदाराने ४५ दिवसांच्या आत पैसे देणे बंधनकारक आहे आणि विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते; परंतु दावा केला की पुढची ऑर्डर जाते, या भीतीने लहान उत्पादक गप्प बसतो. म्हणून हाताशी असलेली सगळी रक्कम यंत्रात अडकवू नये.