ग्लुटेन बंद, किराणा तोच: तुमचे प्रश्न आणि माझी उत्तरं

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच अडचणीचे आहेत. घरात कुणाला तरी सिलिअ‍ॅक निघालाय, म्हणजे ग्लुटेन (गव्हासारख्या धान्यांतलं प्रथिन) खाल्लं की आतड्याला इजा होते तो आजार, आणि 'ग्लुटेन-फ्री' छापलेल्या पाकिटांनी महिन्याचं बजेट कोलमडलंय. त्यामुळे पैशांच्या बाजूनेच बोलते.

प्रश्न: नवऱ्याचं सिलिअ‍ॅकचं निदान झालं. मी ग्लुटेन-फ्री ब्रेड, पास्ता, बिस्किटं सगळं आणलं आणि पंधरा दिवसांत महिन्याच्या किराणाचे पैसे संपले. हे रोज कसं जमायचं?

ताई, आधी ती पाकिटं थांबवा. ग्लुटेन असतं गव्हात, जवात म्हणजे बार्लीत आणि राय नावाच्या धान्यात, बाकी तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी, बटाटे, रताळी, सगळ्या डाळी-कडधान्यं, अंडी, दूध, मासे, मटण, भाज्या, फळं यात ते मुळातच नाही. पाकिटातले पदार्थ गव्हाची नक्कल करायला बनवलेले असतात आणि त्या नकलेचेच पैसे आपण मोजतो, वर त्यातल्या बऱ्याच ब्रेड-बिस्किटांत नुसता स्टार्चच जास्त आणि फायबर कमी. म्हणून "ब्रेडच्या जागी काय?" हा प्रश्नच काही दिवस बाजूला ठेवा आणि "भाताबरोबर काय, बटाट्याबरोबर काय?" असा विचार करा.

माझा स्वतःचा भरवसा कडधान्यांवर आहे. सुकी आणा, डबाबंद नको, कारण एक कप सुक्याचे शिजून अडीच ते तीन कप होतात. सुटीच्या दिवशी मोठं पातेलंभर शिजवायचं आणि एका वेळेपुरतं वेगवेगळ्या डब्यांत भरून फ्रीझरला टाकायचं, मग एक दिवस भातावर, एक दिवस वाटून दाट सूप, एक दिवस उकडलेल्या बटाट्यात कालवून टिक्क्या. राजमा असेल तर आठवणीने रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात चांगला खळखळून उकळा, अर्धवट शिजलेल्या राजम्याने पोट वाईट बिघडतं. आणि एक, मसूर-बिसूर निवडताना मध्येच गव्हाचा किंवा जवाचा दाणा सापडतो, तेव्हा ताटात पसरून नीट निवडायचं आणि मग धुवायचं. सुटं धान्य घेताना मापटं गव्हाच्या पोत्यातलंच तिकडे फिरत असेल तर बंद पाकिटातलं घ्या, तिथे दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

प्रश्न: पाकिटावर 'व्हीट-फ्री' लिहिलंय, म्हणजे चालेल ना? आणि ओट्सचं काय?

नाही, तेवढ्यावर विसंबू नका. गहू नसला तरी जव असू शकतो, माल्ट म्हणजे बहुतेक वेळा जवच. साध्या सोया सॉसमध्ये गहू असतो, सूपच्या क्यूबमध्ये आणि रेडीमेड सॉसमध्ये दाटपणासाठी गव्हाचं पीठ असू शकतं, काही कॉर्नफ्लोअरसुद्धा गव्हाच्या स्टार्चचं असतं, म्हणून पुढचं मोठं नाव नाही, मागची बारीक अक्षरं वाचा. रवा, दलिया, कुसकुस हे सगळे गहूच. बकव्हीटच्या म्हणजे कुट्टूच्या नावात मात्र व्हीट असलं तरी त्याचा गव्हाशी संबंध नाही, ते चालतं.

ओट्स शेतात आणि गिरणीत गव्हाबरोबर मिसळतात, म्हणून फक्त ग्लुटेन-फ्री लेबल असलेले घ्या. या लेबलची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम ग्लुटेन अशी आहे. तरीही सिलिअ‍ॅकच्या काही थोड्या लोकांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत, तेव्हा डॉक्टरांना विचारून थोड्यापासून सुरुवात करा.

प्रश्न: घरी तांदळाच्या पिठाचा ब्रेड केला, विटेसारखा झाला आणि कापताना भुगा. पीठ वाया गेलं याचंच वाईट वाटतं.

वाईट वाटणारच, पण चूक तुमच्या हाताची नाही हो. गव्हात ग्लुटेनची जाळी हवा धरून ठेवते, इथे ती जाळीच नाही, मग दुसरं काहीतरी धरायला हवं. महागडा झँथन गम नको, साधा बिनचवीचा इसबगोल आणा. तांदळाचं पीठ दोन भाग आणि बटाट्याचं किंवा मक्याचं स्टार्च एक भाग असं मिळून 250 ग्रॅम घेतलं तर 10-12 ग्रॅम इसबगोल पुरतो. तो आधी पाण्यात भिजवून त्याची जेली होऊ द्यायची, मग त्यात पीठ, यीस्ट, मीठ, थोडं तेल. पाणी जवळजवळ पिठाच्या वजनाइतकं लागतं, मिश्रण सैल आणि चिकट दिसेल, घाबरून वरून पीठ घालू नका, विटेसारखा होतो तो बहुतेक तिथेच. आणि पूर्ण गार होईपर्यंत कापायचा नाही, आतलं स्टार्च गार होताना सेट होतं, गरम कापलात की चिकट गोळा.

लाटायचं काही असेल तर याहून सोपं, पिठावर उकळतं पाणी ओता, झाका आणि कोमट झालं की मळा. उकळत्या पाण्याने स्टार्च फुलतं आणि पीठ धरून राहतं.

प्रश्न: घरात बाकीचे चौघं गहू खातात. दोन वेगळी स्वयंपाकघरं करणं आम्हाला परवडणार नाही.

दोन कशाला, चार-पाच वस्तू वेगळ्या केल्यात तरी पुष्कळ. चाळणी, लाकडी पोळपाट आणि चमचे, टोस्टर, कणकेचा डबा. यांच्या फटीत पीठ अडकतं ते धुऊन निघत नाही. स्टीलची भांडी साबणाने नीट घासलीत की झालं. तळणीचं तेल मात्र एकच चालणार नाही, कारण उष्णतेने ग्लुटेन मरत-बिरत नाही, ते तेलात उतरतं. सोपा मार्ग म्हणजे भाजी, डाळ, सूप सगळ्यांचं एकच आणि ग्लुटेनशिवाय करायचं, घट्टपणाला मैद्याऐवजी उकडलेला बटाटा कुस्करून, किंवा कपभर रश्शाला चमचाभर कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून. गव्हाचं काय ते शेवटी, वेगळ्या ओट्यावर.

प्रश्न: मला सारखं पोट फुगतं. टेस्ट महाग आहे, आधी महिनाभर गहू सोडून बघू का?

नको, हे मी अगदी कळकळीने सांगते. सिलिअ‍ॅकची टीटीजी रक्ततपासणी तुम्ही गहू खात असतानाच खरी सांगते. सोडून बसलात आणि नंतर तपासलंत तर रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो, मग पुन्हा सहा-सहा आठवडे रोज गहू खाऊन तपासायची वेळ येते आणि तो त्रास फार असतो. एका टेस्टचे पैसे वाचवायला जाऊन आयुष्यभराच्या आहाराचा निर्णय अंदाजाने घेऊ नका. आधीच सोडला असेल तर स्वतःहून परत सुरू करू नका, डॉक्टरांशी बोला.

प्रश्न: मुलगी आता तिन्ही वेळा भातच खाते. स्वस्त आहे, पोट भरतं. चालेल का?

रोज तिन्ही वेळा नको. तांदळात इतर धान्यांपेक्षा आर्सेनिक जास्त असतं आणि लहान मुलांना त्याचा धोका जास्त. एका वेळेला मका किंवा ज्वारी, एका वेळेला बटाटा आणि अंडं असं फिरवा. भात करताना भरपूर पाण्यात शिजवून पाणी गाळून टाकलंत तर आर्सेनिक बरंच कमी होतं, थोडी जीवनसत्त्वंही जातात, पण ती भाज्या-डाळींतून भरून निघतात. उरलेला भात मात्र बाहेर ठेवू नका, तासा-दोन तासांत पसरट भांड्यात गार करून फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करूनच तिला द्या.