८ जीबी रॅम टाकली, मग ३.४१ जीबीच का दिसते?

प्रश्न : जुन्या डेस्कटॉपमध्ये ४ जीबी रॅम होती, तिच्या जोडीला आणखी ४ जीबीची स्टिक घातली. विंडोज १० मध्ये ‘८ जीबी, वापरण्याजोगी ३.४१ जीबी’ असं दिसतं. नवी स्टिक खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. स्टिक मेलेली असती तर ८ हा आकडाच आला नसता. त्याच पानावर ‘सिस्टीम टाइप’ पाहा. तिथे ‘३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम’ असेल, तर दुखणं तिथंच आहे.

रॅममधल्या प्रत्येक बाइटला पत्त्याचा क्रमांक असतो आणि प्रोसेसर त्यावरूनच बाइट गाठतो. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ क्रमांक बसतात, म्हणजे बरोबर ४ जीबी. तेही सगळे रॅमला मिळत नाहीत. ग्राफिक्स, नेटवर्क, बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरची) चिप यांनाही पत्ते लागतात आणि ते ४ जीबीच्या वरच्या टोकाला राखलेले असतात. मोठं ग्राफिक्स कार्ड बसवलंत तर ३.४१ चा आकडा आणखी उतरेल.

यात प्रोसेसर मात्र निर्दोष आहे. १९९५ च्या पेंटियम प्रोलाच ३६ बिटांचे पत्ते, म्हणजे ६४ जीबी, गाठता येत होते. पण ४ जीबीपलीकडचा पत्ता आला की अनेक ड्रायव्हर (विंडोजला प्रिंटर, कार्ड अशा यंत्रांशी जोडणारी सॉफ्टवेअर) कोलमडायचे, म्हणून मायक्रोसॉफ्टने घरगुती ३२-बिट विंडोजला ४ जीबीची वेस घातली. ती उठवणारे ‘पॅच’ नेटवर मिळतात. ते थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, हात घालतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

उपाय एकच : ६४-बिट विंडोज. आहे त्यावर अपग्रेड होत नाही, कोरं इन्स्टॉलेशन करावं लागतं. आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि प्रिंटर-स्कॅनरचे ६४-बिट ड्रायव्हर मिळतात का ते बघा. इन्स्टॉलेशनसाठी ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. आवृत्ती तीच (होमला होम, प्रोला प्रो) ठेवलीत तर जुनाच परवाना चालतो. डॉसवरचं हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर थांबा, ६४-बिट विंडोजवर ते थेट चालणार नाही.

त्यानंतरही रॅम बरीच कमी दिसली, तर ‘एमएसकॉन्फिग’ या विंडोजमधल्याच प्रोग्रॅममध्ये बूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स इथली ‘मॅक्सिमम मेमरी’ची खूण काढा आणि बायोसमध्ये ‘मेमरी रीमॅप’ चालू करा. ऑनबोर्ड ग्राफिक्ससाठी राखलेला वाटा मात्र वजा होणारच.

प्रश्न : नव्या संगणकात १६ जीबीची एक स्टिक घ्यावी की ८-८ च्या दोन? वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

उत्तर : दोन. डीडीआर४-३२०० प्रकारच्या रॅमच्या एका चॅनेलमधून (प्रोसेसरकडे जाणाऱ्या वाटेतून) सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी जातात, दोन स्टिक दोन चॅनेलवर असल्या तर दोन्हींतून मिळून ५१.२. ऑनबोर्ड ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, त्यामुळे गेममध्ये फरक लगेच जाणवतो. चार स्लॉट असतील तर सहसा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा भरायचा, तरी मदरबोर्डची पुस्तिका बघाच. शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये खोचल्या तर बऱ्याच बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनेलवर येतात. मग रॅम १६ जीबी दिसते, वेग मात्र निम्माच. ‘सीपीयू-झेड’ या संगणकाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या मेमरी टॅबवर चॅनेलपुढे ‘ड्युअल’ किंवा ‘२’ आलं की बसवणी बरोबर झाली.