आधी उचल, मग बोल

प्रिय,

तुझा मेसेज रात्री दीडला आला. 'दादा, लेफ्ट फोर डेड २ खेळताना अनोळखी नवीन पोरांना टीममध्ये घ्यायचं, की लॉबी (गेम सुरू व्हायच्या आधी जमायची ऑनलाइन खोली) आपल्या चौघांपुरतीच ठेवायची?' गेल्या दिवाळीत तुलाच दोनदा किक केलं होतं, म्हणजे मत टाकून गेमबाहेर काढलं होतं. तेव्हा तू मला केवढा निबंध पाठवला होतास! काल तो शोधून पुन्हा वाचला. तीनशे तास खेळून माणूस इतका बदलतो? बदलतो. मी तर त्याहून लवकर बदललो होतो.

'लेफ्ट फोर डेड २', आपला हा चौघांनी मिळून झोंबींशी लढायचा गेम, आला २००९च्या नोव्हेंबरात. तेव्हा आम्ही पुण्यात एका तळघरातल्या कॅफेत तासाला वीस रुपये मोजून खेळायचो. हा गेमच बघ कसा बांधलाय. हंटर, म्हणजे झेप घेणारा झोंबी, अंगावर बसला की तुझा नेम, तुझे तास, सगळं बाद. कुणीतरी येऊन त्याला ढकलेपर्यंत किंवा मारेपर्यंत तू आपला जमिनीवर. आडवा झालास की रक्त गळत राहतं, हातात फक्त पिस्तूल, आणि दुसऱ्याने पाच सेकंद बटण दाबून धरल्याशिवाय उठता येत नाही. पाच सेकंद! तेवढेही ज्याला जड जातात त्याने दुसरा गेम खेळावा. म्हणून माझं एकच म्हणणं: आधी उचल, मग बोल.

तुम्ही लोक उलटं करता. पोरगं पडलेलं असतं आणि त्याच्या डोक्याशी उभं राहून माइकवर लेक्चर चालू. 'मागे का राहिलास, मेडकिट का वापरलास.' अरे, रक्त चाललंय त्याचं! उचल आधी.

आता माझं ऐक. 'द पॅरिश' या मोहिमेतला तिसरा टप्पा, जप्त केलेल्या गाड्यांचं मैदान. एक्स्पर्टवर, म्हणजे सर्वांत अवघड पातळीवर होतो. तिथे साध्या झोंबीचा एक फटका म्हणजे जिवाच्या शंभर गुणांतले वीस गेले. चौथा खेळाडू नवखा, बहुतेक पहिल्यांदाच तिथवर आलेला. त्याची गोळी अलार्मच्या गाडीला लागली, भोंगा वाजला, झुंड आली आणि मिनिटभरात सगळे आडवे. टप्पा पुन्हा सुरू झाला तसं कुणीतरी किकचं मत टाकलं. चॅटमध्ये त्याने लिहिलं, 'सॉरी, कोणती गाडी?' मी एफ१ दाबलं, म्हणजे 'हो, काढा'. उत्तर मिळायच्या आत तो गेलेला.

माझीही बाजू आहे. सव्वा तास खेळून तिथवर पोचलो होतो, खिशात शेवटचे वीस रुपये, आणि एक्स्पर्ट ही काही शिकायची जागा नव्हे. हे आजही म्हणतो. पण मैदानाच्या तोंडाशी दहा सेकंद थांबून 'दिवे लुकलुकणाऱ्या गाड्यांना हात लावू नकोस' एवढं टाइप करायला मला काय झालं होतं? मला माहीत होतं, त्याला नव्हतं. पंधरा वर्षं होत आली, ती 'कोणती गाडी' डोक्यातून जात नाही.

आणि 'नवीन लोक गेम बिघडवतात' हे मला सांगू नकोस. २०२०च्या सप्टेंबरात 'द लास्ट स्टँड' हा मोठा अपडेट आला, तो मुख्यतः खेळणाऱ्यांनीच बनवलेला. जवळजवळ अकरा वर्षांच्या जुन्या गेमसाठी! पहिल्या वर्षी आलेलेच तेवढे खेळत राहिले असते तर हे झालं असतं का? दर वर्षी कुणीतरी विचचं, म्हणजे छेडलं की जीव घेणाऱ्या झोंबी बाईचं, रडणं ऐकून टॉर्च मारतच जवळ गेलं, मेलं, आणि कुणीतरी हसून त्याला पुढच्या कपाटातून, म्हणजे मेलेला खेळाडू परत येतो त्या बंद खोलीतून, बाहेर काढलं. तुला मी काढलं होतं, आठवतं? तू तीनदा गेला होतास तिच्याजवळ. तीनदा!

जो मुद्दाम पाठीत गोळ्या घालतो त्याला खुशाल काढ, तिथे मी तुला अडवणार नाही. पण चुकतो तो वेगळा. नेम चुकेल, वाट चुकेल, पाइप बॉम्ब आपल्याच पायाशी पडेल. तरी आधी उचल.

मित्रांपुरती लॉबी ठेवायची तर ठेव बाबा, तुझी मर्जी. फक्त मग मला बोलावू नकोस. शनिवारी साडेनऊला मी 'पॅरिश' उघडी लॉबी ठेवून लावतोय, ॲडव्हान्स्डवर, म्हणजे एक्स्पर्टहून एक पायरी खाली. तुझ्या वर्गातला तो नवा मुलगा, ज्याच्याबद्दल तू एवढी कुरकुर केलीस, त्यालाही घेऊन ये. मैदानाच्या आधी मी थांबेन आणि त्याला गाड्या दाखवेन. तू तेवढ्या वेळात माइक बंद ठेव.

तुझा,
दादा