मुलगी लेस्टरच्या इस्पितळात : भत्त्याचे आणि गाडीचे काय?

प्रश्न : माझी मुलगी लग्नानंतर इंग्लंडमध्ये लेस्टरला स्थायिक झाली आहे. मणक्याच्या आजारामुळे तिला फारसे चालता येत नाही. तेथील सरकारचा ‘पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट’ हा भत्ता तिला मिळतो आणि त्याच्याच एका भागातून तिने अपंगांना गाडी भाड्याने देणाऱ्या मोटॅबिलिटी योजनेची गाडी लीजवर घेतली आहे. यंदा ३ जूनला ती सरकारी इस्पितळात दाखल झाली, २० जूनला घरी आली आणि ५ जुलैला तिला पुन्हा दाखल करावे लागले. २८ दिवसांनंतर भत्ता थांबतो, परंतु दुसऱ्या वेळी ते दिवस नव्याने मोजतात, असे जावई म्हणतात. हे खरे आहे का? गाडी परत द्यावी लागेल का? बरी झाल्यावर तिला दोन महिने बडोद्याला आणावे, अशी तिच्या आईची इच्छा आहे. त्याने काही अडचण येईल का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : जावयांना २८ दिवसांचा नियम ठाऊक आहे, पण त्याचा जोडनियम त्यांच्या नजरेतून सुटला आहे, आणि नेमका तोच तुमच्या मुलीला लागू होतो. इस्पितळातील दोन मुक्कामांमध्ये २८ किंवा त्याहून कमी दिवसांचे अंतर असेल, तर दोन्ही मुक्कामांचे दिवस एकत्र मोजले जातात. दाखल होण्याचा दिवस आणि घरी सोडण्याचा दिवस मात्र मोजणीत धरत नाहीत. त्यामुळे पहिल्या मुक्कामाचे ४ ते १९ जून असे १६ दिवस होतात. उरलेले १२ दिवस ६ जुलैपासून मोजले, की ते १७ जुलैला संपतात आणि १८ जुलैपासून भत्ता थांबतो. नव्याने मोजणी होईल या भरवशावर राहिल्यास ऑगस्टपर्यंत रक्कम येत राहील आणि पुढे ती वसुलीच्या पत्रासह परत मागितली जाईल. म्हणून दाखल होण्याच्या आणि सुटण्याच्या तारखा भत्ता देणाऱ्या ‘डिपार्टमेंट फॉर वर्क अँड पेन्शन्स’ या खात्याला लगेच कळवाव्यात आणि घरच्या वहीतही लिहून ठेवाव्यात.

थांबते ते देणे. हक्क संपत नाही. घरी सोडल्याचे कळवले की भत्ता पुन्हा सुरू होतो, नवा अर्ज करावा लागत नाही. मधेच डॉक्टरांनी एकदोन दिवस घरी पाठवले, तर त्या दिवसांचा भत्ता दिवसाच्या हिशेबाने मिळतो. तो मागायला संकोच करू नये. उपचारांचा सर्व खर्च रुग्ण स्वतः करत असेल, तर हा नियम लागत नाही, पण तुमची मुलगी सरकारी इस्पितळात आहे.

भत्त्याचे दोन भाग असतात, एक दैनंदिन कामांसाठी आणि दुसरा येण्याजाण्यासाठी. इस्पितळात दोन्ही थांबतात. गाडीचा प्रश्न दुसऱ्या भागाशी जोडलेला आहे. २०२५-२६ मध्ये त्याचा वरचा दर आठवड्याला ७७.०५ पौंड होता. मोटॅबिलिटीची गाडी घेणाऱ्याच्या हाती ही रक्कम येत नाही. ती खात्याकडून थेट योजनेकडे जाते आणि तेच गाडीचे भाडे असते. विमा, दुरुस्ती आणि देखभाल त्यातच येतात. भत्ता थांबला म्हणजे भाडे थांबले. २०१३ पूर्वी अशी गाडी असलेल्या रुग्णांसाठी येण्याजाण्याचा भाग इस्पितळातही चालू राहत असे. ती सवलत नंतर काढून घेण्यात आली. इस्पितळात जेवण आणि शुश्रूषा सरकारच देते, तेव्हा त्याच गरजेसाठी दुसऱ्यांदा पैसे नकोत, हा नियमामागचा विचार आहे. दैनंदिन कामांच्या भागापुरता तो मला पटतो. गाडीला तो लावणे मात्र मला अन्यायाचे वाटते, कारण इस्पितळ रुग्णाला खाट देते, पण नवऱ्याला तिच्यापर्यंत पोचवत नाही, आणि घरी सोडतील त्या दिवशी तिला बसवून नेण्यासाठी तीच गाडी दारात लागते.

तेव्हा जावयांनी १८ जुलैची वाट न पाहता मोटॅबिलिटीला स्वतः फोन करावा, मुलगी कधी दाखल झाली आणि डॉक्टर अंदाजे कधी सोडणार आहेत ते सांगावे आणि या काळात गाडीचे काय करायचे याचे उत्तर लेखी मागावे. भत्ता मंजूर आहे, केवळ इस्पितळामुळे थांबला आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगणे महत्त्वाचे आहे. गाडी चालवण्यासाठी ज्यांची नावे मान्य झाली आहेत त्यांनीच ती चालवावी आणि मुलीच्या कामासाठीच वापरावी. तिला भेटायला जाणे, तिचे कपडे व औषधे पोचवणे ही तिचीच कामे आहेत.

तुम्ही विचारले नाही, तरी एक गोष्ट सांगणे भाग आहे. मुलीची काळजी घेण्याबद्दल जावयांना ‘केअरर्स अलाउन्स’ मिळत असेल, तर तो मुलीच्या दैनंदिन कामांच्या भागावर उभा आहे. तो भाग थांबला की त्याचाही आधार जातो. तेही कळवावे लागते आणि बहुतेक घरांत विसरले जाते ते हेच.

बडोद्याला आणण्याबाबत काळजी नको. तात्पुरत्या परदेशवासात हा भत्ता १३ आठवडे चालू राहतो आणि इंग्लंडमध्ये असतानाच जडलेल्या आजारावरील उपचारासाठीच प्रवास असेल, तर २६ आठवडे. दोन महिने या मर्यादेत सहज बसतात. मात्र मुक्काम चार आठवड्यांहून अधिक असल्याने निघण्यापूर्वी खात्याला कळवावे. ती इथे असताना लेस्टरच्या गाडीचे काय, हा प्रश्नही मोटॅबिलिटीला त्याच फोनवर विचारून ठेवावा.

प्रश्न : माझा १२ वर्षांचा भाचा लंडनला दोन महिने इस्पितळात आहे. त्याचाही भत्ता थांबेल का?
— एक वाचक, रावपुरा, बडोदे

उत्तर : नाही. दाखल होताना मूल १८ वर्षांच्या आतले असेल, तर भत्ता चालूच राहतो. पूर्वी लहान मुलांचा भत्ता ८४ दिवसांनंतर थांबत असे. एका आजारी मुलाच्या वडिलांनी त्याविरुद्ध लढा दिला, जुलै २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि २०१६ मध्ये नियम बदलला. मुलाच्या उशाशी दिवसरात्र बसणाऱ्या आईवडिलांचा खर्च इस्पितळात कमी होत नाही, उलट वाढतो, हे त्या वडिलांनी न्यायालयाला पटवून दिले. मूल स्वतः हा निकाल ऐकायला उरले नव्हते. भाच्याच्या आईवडिलांनी दाखल झाल्याची तारीख खात्याला कळवून ठेवावी आणि निर्धास्तपणे त्याच्याजवळ बसावे.